ऐंशी फोन, आठ प्रश्न

वाचकाचं पत्र:

मी कंपनीत माहिती-सुरक्षेचं प्रशिक्षण देते. फसवे मेल कसे ओळखायचे, पासवर्ड, पेन ड्राइव्ह वगैरे. एका वेळी साधारण ८० माणसं असतात, वेळ ४० मिनिटं. लोक पेंगतात किंवा फोनमध्ये डोकं घालून बसतात, म्हणून या वेळी फोनवरून उत्तरं देता येतील असं पोलिंग ॲप वापरलं. आठ प्रश्न ठेवले होते. मागच्या रांगांतून क्यूआर कोड स्कॅन होईना, वाय-फायचं लॉगिनचं पान उघडेना, जेमतेम निम्मे लोक आत आले. वर्ड क्लाउडमध्ये (लोकांनी पाठवलेले शब्द पडद्यावर लहान-मोठे दाखवणाऱ्या चित्रात) एकच शब्द पाच तऱ्हांनी लिहिलेला दिसत होता आणि कुणीतरी एक चावट शब्दही टाकला. शेवटच्या क्विझला हॉल जागा झाला खरा, पण वेळ संपला आणि दहा स्लाइड दाखवायच्याच राहिल्या. साहेब म्हणाले, ‘हे खेळ पुरे.’ पुढचं सत्र तीन आठवड्यांनी आहे. बंद करू का?
– एक प्रशिक्षिका

उत्तर:

बंद करू नका. आठातले पाच प्रश्न मात्र काढून टाका.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. लोकांना आत येता आलं नाही, ही तांत्रिक तक्रार. प्रश्नांनी वेळ खाल्ला, ही आखणीची. पहिली थोड्या तयारीने सुटते. दुसरी अवघड आहे, म्हणून आधी तीच घेऊ.

एका प्रश्नाला किती वेळ लागतो ते मांडून बघा. प्रश्न वाचून दाखवायला १५ ते २० सेकंद. लोकांनी फोन उचलून, पर्याय वाचून, विचार करून बोट टेकवायला ४० सेकंद. आलेल्या उत्तरांवर बोलायला किमान दीड मिनिट. म्हणजे अडीच मिनिटांच्या आत एकही प्रश्न नीट होत नाही. आठ प्रश्नांची २० मिनिटं झाली, वर सुरुवातीला आत येण्याची तीन-चार मिनिटं. अर्ध्याहून जास्त वेळ इथेच गेला, आणि स्लाइड मात्र पूर्ण ४० मिनिटांच्या होत्या. अशा वेळी घाईत पहिली कात्री कशाला लागते? उत्तरांनंतरच्या बोलण्याला. प्रश्न विचारला, पडद्यावर निकालाच्या पट्ट्या वर-खाली झाल्या, ‘छान, पुढे जाऊ’ म्हटलं. लोकांनी दिलेल्या उत्तराचं काहीच झालं नाही, हे त्यांना लगेच कळतं. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला मतांचा आकडा घसरू लागतो तो यामुळेच.

४० मिनिटांत तीन प्रश्न, फार तर चार. त्यासाठी साधारण दहा मिनिटांच्या स्लाइड आधीच काढून ठेवा. सत्र चालू असताना काय गाळायचं ते ठरवायला गेलात, तर हमखास शेवटचा आणि बहुधा सगळ्यांत कामाचा भाग गळतो.

कोणते तीन ठेवायचे, त्याची कसोटी सोपी आहे: उत्तरं पाहून तुमचं पुढचं बोलणं बदलणार आहे का? नसेल, तर तो प्रश्न नुसती सजावट आहे. ‘पासवर्ड दुसऱ्याला सांगावा का?’ याला सगळे ‘नाही’च म्हणणार, आणि घरी जाऊन सांगणारे सांगणारच. त्यापेक्षा हा प्रश्न घ्या: ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत कुलपाची खूण दिसते आहे. याचा अर्थ काय? अ) ही साइट खऱ्या कंपनीचीच आहे. ब) वाटेत कुणाला तुमची माहिती वाचता येणार नाही. क) साइटवर व्हायरस नाही. ड) साइट कुणीतरी तपासून मंजूर केली आहे. बरोबर उत्तर ‘ब’. कुलूप फक्त सांगतं की तुमच्यापासून त्या साइटपर्यंतची वाहतूक सांकेतिक आहे. पलीकडे भामटा बसला असेल तर माहिती सुरक्षितपणे भामट्याच्याच हातात पडते. या प्रश्नावर हॉल फुटतो, म्हणजे मतं विभागली जातात, आणि फुटणारा प्रश्नच हवा.

हॉल फुटला की काय करायचं, याचा एक जुना आणि उत्तम नियम आहे. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून आपल्या वर्गात ही पद्धत रुजवली. बरोबर उत्तर देणारे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असले, तर बरोबर काय ते सांगायचं नाही. ‘शेजाऱ्याला तुमचं उत्तर पटवून द्या’ म्हणायचं, दोन मिनिटं द्यायची आणि तोच प्रश्न पुन्हा मताला टाकायचा. ३० टक्क्यांच्या खाली असतील तर आपलं समजावणंच कमी पडलं आहे. शेजारी-शेजारी बोलून तिथे चुकीचं उत्तरच पक्कं होतं, तेव्हा मुद्दा नव्याने मांडायचा. ७० च्या वर असतील तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे जायचं. तीनपैकी एका प्रश्नाला तरी ही दोन फेऱ्यांची पद्धत वापरा. पेंगणाऱ्या हॉलला जागं करायला पडद्यावरच्या कुठल्याही हालचालीपेक्षा ती दोन मिनिटांची कुजबुज जास्त उपयोगी पडते. दोन फेऱ्यांना मिळून सहा-सात मिनिटं धरा. पहिल्या फेरीचा निकाल लोकांना दाखवू नका. कुठली पट्टी उंच आहे ते दिसलं की चर्चा थांबते आणि दुसऱ्या फेरीत सगळे त्याच पट्टीवर जाऊन बसतात.

पहिल्या फेरीतच असं नाही, कुठल्याही पोलमध्ये मतदान बंद होईपर्यंत निकाल झाकलेलाच हवा. बहुतेक पोलिंग ॲपमध्ये हे सेटिंग असतं, पण ते आपोआप चालू असतंच असं नाही.

पुढचं बोलणं बदलायचं तर स्लाइडमध्येही दोन वाटा हव्यात. कुलपाच्या प्रश्नानंतर ‘सविस्तर खुलासा’ अशा तीन स्लाइड तयार ठेवा आणि त्या लपवून ठेवा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड लपवली तरी शो चालू असताना तिचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की ती उघडते. गरज नसेल तर ती आहे हे कुणाला कळतही नाही. क्रमांकांचा कागद कीबोर्डशेजारी ठेवा. आणखी एक बटण लक्षात ठेवा: ‘बी’. ते दाबलं की पडदा काळा होतो. शेजाऱ्याशी चर्चा चालू असताना हे करू नका, प्रश्न समोर दिसत राहिला पाहिजे. पण निकालावर बोलताना पडदा काळा केला की नजरा तुमच्याकडे वळतात.

आता आत येण्याचं बघू. क्यूआर कोड किती अंतरावरून वाचता येईल याचा कामचलाऊ हिशेब असा: अंतराच्या एक दशांश कोडची बाजू. शेवटची रांग पडद्यापासून १२ मीटरवर असेल तर कोड पडद्यावर १.२ मीटरचा हवा. २.४ मीटर रुंदीच्या आडव्या पडद्याची उंची १.३५ मीटर भरते. म्हणजे कोडला जवळजवळ पूर्ण उंची लागते. स्लाइडच्या कोपऱ्यातला तळहाताएवढा कोड मागून वाचला जाणं शक्यच नव्हतं. कोडला स्वतंत्र स्लाइड द्या, दुसरं काही नको. नाहीतर तो कागदावर छापून खुर्च्यांवर ठेवा. हातातल्या कागदावर चार सेंटिमीटरचा कोड पुरतो, आणि मागच्या रांगांचा प्रश्नच मिटतो. ८० माणसांसाठी आम्ही कागदच सुचवू.

कोड दाट होणार नाही हेही पाहा. लिंक जितकी लांब तितके चौकोन बारीक. ३० अक्षरांची लिंक २५ बाय २५ चौकोनांत मावते, १०० अक्षरांची लिंक ३७ बाय ३७ वर जाते. त्याच आकारात चौकोन लहान झाले की प्रोजेक्टरच्या किंचित धूसर चित्रात ते एकमेकांत मिसळतात. काळा कोड पांढऱ्यावरच ठेवा, चारही बाजूंना चार-चार चौकोनांएवढी पांढरी जागा सोडा, आणि मध्ये कंपनीचं चिन्ह घालायचा मोह टाळा. चिन्हाने झाकलेला भाग भरून काढायला कोडमध्ये जास्तीची माहिती भरावी लागते आणि तो आणखी दाट होतो. कोड करून देणाऱ्या काही फुकट सेवा मधल्या पत्त्यावरून वळण घेणारा कोड देतात आणि चाचणीची मुदत संपली की तो बंद पडतो. पोलिंग ॲपने स्वतः दिलेला कोडच वापरा.

एक गंमत तुमच्याबाबतीत खास आहे. अनोळखी क्यूआर कोड स्कॅन करू नका असं तुम्हीच शिकवता, आणि सत्राच्या पहिल्याच मिनिटाला ८० जणांना कोड स्कॅन करायला लावता! हे लपवायची गरज नाही, त्याचाच धडा करा. कोडखाली साइटचा छोटा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहा आणि सांगा, ‘स्कॅन केल्यावर फोन जो पत्ता दाखवेल तो या पत्त्याशी जुळवून बघा, मगच उघडा.’ ज्यांचा कॅमेरा कोड वाचत नाही त्यांना तोच पत्ता टाइप करता येतो.

वाय-फायबद्दल गैरसमज असा असतो की नेट ‘स्लो’ होतं. पोलला डेटा अगदी किरकोळ लागतो. अडतं ते एकाच मिनिटात ८० फोनांनी जोडायला येण्यात. पाहुण्यांच्या वाय-फायवर लॉगिनचं पान असतं, ते कधी आपोआप उघडत नाही, कधी मोबाइल नंबर मागतं, आणि छताला लावलेला एक राउटर एवढ्या जोडण्यांनी गुदमरतो. म्हणून लोकांना वाय-फाय बंद ठेवून मोबाइल डेटावर यायला सांगा. मात्र आधी हॉलच्या शेवटच्या रांगेत बसून सिग्नल तपासा. तळघरातले आणि जाड काँक्रीटच्या भिंतींचे हॉल इथे दगा देतात. स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट सगळ्यांना देण्याचा विचार करू नका. फोनवर साधारण दहाएक जोडण्यांपलीकडे हॉटस्पॉट जात नाही. हॉटस्पॉट तुमच्या एकटीच्या लॅपटॉपसाठी राखून ठेवा, शक्यतो यूएसबी केबलने जोडून. श्रोत्यांचं नेट आणि तुमचं नेट वेगळं असणं, ही सगळ्यांत स्वस्त विमा पॉलिसी आहे.

कंपनीचा फायरवॉल (नको त्या साइट रोखणारी यंत्रणा) पोलिंगची साइट अडवतो का, तेही ज्या संगणकावरून सादर करणार त्याच संगणकावर तपासा. पान उघडलं म्हणजे झालं असं नाही. काही वेळा पान उघडतं, पण निकालाच्या पट्ट्या हलत नाहीत, कारण जिवंत आकडे आणणारी जोडणी अडवलेली असते. फोनवरून एक मत टाका आणि पट्टी वाढते का ते पाहा.

सत्र सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधीपासून कोडची स्लाइड पडद्यावर ठेवा आणि सोबत एक हलका प्रश्न उघडा ठेवा. ‘या आठवड्यात संशय यावा असा मेल आला का?’ एवढं पुरे. हा तीन प्रश्नांत धरायचा नाही. लोक बसतानाच आत येतात, आणि ज्याचं अडतं त्याला शेजारी मदत करतो. संपूर्ण सत्रासाठी कोड एकच ठेवा, दर प्रश्नाला नवा नको. फोनची स्क्रीन बंद झाली की काहींचं पान तुटतं, म्हणून प्रत्येक प्रश्नाआधी ‘पान एकदा ताजं करा’ असं म्हणा. ७०-८० टक्के मतं आली की मतदान बंद करा. शेवटच्या पाच जणांसाठी थांबलात तर उरलेले ७५ जण दुसरं ॲप उघडतात. मतदान झालं की फोन पालथा ठेवायला सांगा. ऐकतात बहुतेक.

ॲपच्या फुकट योजनेत किती जण चालतात, तेही एकदा वाचा. मर्यादा कधी एका सत्रावर असते, कधी महिन्याच्या एकूण माणसांवर, कधी प्रश्नांच्या संख्येवर. निम्मेच लोक आत येण्यामागे तुमच्याकडे कदाचित हेही कारण असेल. मर्यादेनंतर येणाऱ्याला फक्त एक नकाराचा संदेश दिसतो, आणि त्याला वाटतं नेट गेलं.

वर्ड क्लाउड मराठी श्रोत्यांपुढे जपून वापरावा, खरं तर टाळावाच. ॲप अक्षरं मोजतं, अर्थ नाही. ‘भीती’, ‘भिती’, रोमन लिपीतलं तेच दोन-तीन स्पेलिंगांत, हे त्याच्या लेखी वेगवेगळे शब्द. त्यामुळे कुठलाच शब्द मोठा होत नाही आणि पडद्यावर नुसता चिवडा दिसतो. फोनवर मराठी टाइप करायला अनेकांना वेळही लागतो. लोकांचे शब्द हवेच असतील तर आधी दहा-बारा जणांना विचारून त्यातून पाच पर्याय तयार करा आणि साधा बहुपर्यायी प्रश्न ठेवा. चावट शब्दाचं म्हणाल, तर मोकळं उत्तर मागणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला आधी तुमच्याकडे येऊन मगच पडद्यावर जाणारी मंजुरी चालू ठेवा. शिव्या गाळणारी यादी मराठी शब्दांपुढे फारशी कामाची नसते.

मराठीचाच आणखी एक सापळा: जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखीच दिसणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमधल्या फाइलमधून प्रश्न चिकटवला तर फोनवर निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. प्रश्न युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा, आणि ‘क्लिक’, ‘प्रशिक्षण’, ‘दुर्लक्ष’ असे जोडाक्षरांचे शब्द फोनवर आणि पडद्यावर दोन्हीकडे नीट दिसतात का ते पाहा.

क्विझला हॉल जागा झाला, हे खरंच. कहूटसारख्या क्विझच्या ॲपमध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, त्यामुळे चुरस येते. पण फसवा मेल ओळखण्याचं कौशल्य नेमकं उलटं आहे: थांबणं. वेगाला बक्षीस देऊन तुम्ही ‘आधी क्लिक, मग विचार’ हीच सवय पक्की करता. वेगाचे गुण बंद करा, वेळ २० सेकंदांवरून ६० करा, आणि ही क्विझ शेवटी न ठेवता मध्यावर, विसाव्या मिनिटाच्या आसपास घ्या. तीन प्रश्नांतला एक तिला देऊन टाका. पर्याय नुसत्या रंगाने ओळखायला सांगू नका, रंगासोबत आकार किंवा अक्षर हवं. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक मोठ्या हॉलमध्ये असतातच.

तुमच्या विषयाला सगळ्यांत शोभणारा प्रकार म्हणजे चित्रावर बोट ठेवण्याचा प्रश्न. फसव्या मेलचं चित्र दाखवायचं आणि म्हणायचं, ‘जिथे खटकतं तिथे टेकवा.’ ८० ठिपके पडद्यावर उमटतात. सगळे ठिपके शुद्धलेखनाच्या चुकांवर जमले आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर एकही नसला, तर पुढची पाच मिनिटं कशावर बोलायचं ते कळलंच. सगळ्या ॲपमध्ये ही सोय नसते. चित्र मात्र कापून घ्या. पूर्ण मेल फोनच्या स्क्रीनवर वाचता येत नाही. पत्ता, विषय, दोन ओळी आणि लिंक एवढंच ठेवा.

कधी फसव्या लिंकवर क्लिक केलं होतं का, असं विचारणार असाल तर उत्तर खरोखर निनावी आहे याची खात्री करा. कंपनीच्या लॉगिनने आत यावं लागत असेल तर अहवालात नावं येऊ शकतात. तसं असेल तर ‘निनावी’ म्हणू नका आणि तो प्रश्नही विचारू नका.

काही जण ऑनलाइन असतील तर त्यांनाही तीच लिंक द्या, मीटिंगमधला वेगळा पोल नको. दोन निकाल तोंडी जोडत बसणं जमत नाही.

पडद्यावर पोल दाखवायला पॉवरपॉइंटमध्ये बसणारं ॲड-इन असतं, पण कंपनीच्या संगणकावर ते टाकायला परवानगी लागते, आणि स्लाइडमधल्या वेब-पानावर एकदा क्लिक झालं की रिमोटची बटणं त्या पानाकडे जातात आणि स्लाइड पुढे सरकत नाही. पानाबाहेर क्लिक केलं की सुटतं. त्यापेक्षा निकाल ब्राउझरच्या वेगळ्या खिडकीत उघडून ठेवा. ती लॅपटॉपवर उघडली आणि पडद्यावर दिसेना, तर विंडोज, शिफ्ट आणि बाणाचं बटण एकत्र दाबून दुसऱ्या स्क्रीनवर ढकला.

नेट पूर्ण गेलं तर? ए-फोर कागद दोनदा दुमडून चार भाग होतात. एकेका भागावर अ, ब, क, ड मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि उत्तराचा भाग बाहेर ठेवून कागद छातीशी धरायचा. मागच्याला पुढच्याचं उत्तर दिसत नाही, आणि तुम्हाला नजरेने अंदाज येतो. ३० ते ७० चा नियम लावायला अंदाज पुरतो. आकडेच हवे असतील तर प्लिकर्सची छापील कार्डं पाहा. उत्तराप्रमाणे कार्ड फिरवून धरायचं आणि तुम्ही एका फोनच्या कॅमेऱ्याने ती टिपायची. फक्त तुमच्या फोनला नेट लागतं. नेहमीच्या संचात ४० कार्डं असतात, म्हणजे दोघांत एक दिलं की ८० जण झाले. त्या दोघांना आपसांत एकमत करावं लागतं, हे वर फायद्यातच.

तालीम त्याच हॉलमध्ये, त्याच प्रोजेक्टरवर करा. तीन फोन घ्या: एक वाय-फायवर, एक मोबाइल डेटावर, आणि एक जुना, तडा गेलेल्या काचेचा. तिन्ही शेवटच्या रांगेतून आत आणा आणि तिन्ही प्रश्नांना मत द्या. तालीम संपली की निकाल रिकामे करा. नाहीतर सत्रात पहिला प्रश्न उघडताच पडद्यावर तीन मतं आधीच पडलेली दिसतील.